बर्फाचें निमित्त

नाचतां येईना, अंगण वांकडें, ही म्हण आमच्या भाषेंत फार जुनी आहे. परंतु अलीकडे सुशिक्षित समाजांत तिची एक नवी आवृत्ति रूढ झालेली दिसते: आम्हांस अंगणच नाहीं, तेव्हां नाचण्याची गोष्ट कशास काढतां? दर चार वर्षांनीं हिवाळी ऑलिंपिक सामने भरतात, घरोघर पडद्यावर तीं शुभ्र दृश्यें चमकून जातात, आणि जेवणानंतरच्या गप्पांत कोणी तरी वडीलधारें माणूस निकाल देऊन टाकतें कीं, 'हे थंड मुलखाचे खेळ. आपल्याकडे बर्फ नाहीं. आपल्याला त्याचें काय?' सगळे माना डोलावतात आणि विषय क्रिकेटकडे वळतो. हा निकाल इतका सोयीचा आहे कीं, तो खरा कीं खोटा हें तपासून पाहण्याची गरज कोणासच वाटत नाहीं. आम्हांसहि परवांपर्यंत वाटली नव्हती. ती कां वाटली हें आधीं सांगतों. कारण ज्यांच्याशीं आम्ही येथें वाद घालणार आहोंत, त्यांतले पहिले अपराधी आम्हीच आहोंत.

गेल्या नाताळच्या सुटींत आम्ही आमच्या गांवीं, नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांतील ब्राह्मणपुरीस गेलों होतों. प्राध्यापक गांवीं आला कीं त्यास कोठें तरी परीक्षक नेमावें, हा आपल्याकडील रिवाज आहे. त्याप्रमाणें जवळच्या एका शाळेनें निबंधस्पर्धेसाठीं आम्हां तिघांस बसविलें. गठ्ठ्यांत नववींतल्या एका मुलीचा निबंध होता. मुलगी सातपुड्यांतली, तोरणमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरची. निबंधाचें नांव, 'मला बर्फावर धांवायचें आहे'. तिनें लिहिलें होतें कीं, एका पहाटे अंगणांत राहिलेल्या थाळींतलें पाणी गोठून त्याची चकती झाली. ती चकती तिनें आणि तिच्या भावानें खडकाच्या उतारावरून सोडून दिली, आणि ती किती दूर गेली हें दोघें पाहत राहिलीं. पुढें मोबाइलच्या पडद्यावर तिनें पायांस लांब पट्ट्या बांधून रानांतून धांवणाऱ्या बायका पाहिल्या होत्या. चढावर त्या दमतात तशा आम्हीहि दमतों, असें तिनें लिहिलें होतें. आणि शेवटीं एक प्रश्न होता: 'हे खेळ सगळ्या जगाचे आहेत असें म्हणतात. मग आमचा पाडा जगांत येतो कीं नाहीं?'

आमच्या एका सहपरीक्षकांनीं कडेला शेरा लिहिला, 'कल्पना बरी. विषय अनुभवाबाहेरचा.' आम्हीं त्याखालीं सही केली. बक्षीस 'माझा आवडता ऋतु' या निबंधास गेलें. त्यांत पावसाळ्याचें तेंच वर्णन होतें, जें आमच्या लहानपणापासून बक्षिसें मिळवीत आलें आहे. त्या रात्रीं ब्राह्मणपुरीस ओट्यावर बसलों असतां सातपुड्याकडून बोचरी हवा येत होती, आणि आमचे धाकटे चुलतबंधु पपईच्या बागेस थंडी बाधते कीं काय, या काळजींत होते. स्पर्धेची हकीकत ऐकून ते म्हणाले, 'दादा, थंडीनें आमचें झाड करपतें हा आमचा अनुभव, तर तिची थाळी गोठली हा तिचा अनुभव नव्हे काय? मग विषय अनुभवाबाहेरचा कोणाच्या? तुमच्या.' यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. म्हणून आम्हीं या सामन्यांचा इतिहास मुळापासून वाचावयास घेतला; आणि आमची अशी खात्री झाली कीं, ज्या शेऱ्याखालीं आम्हीं सही केली तो शेरा केवळ कठोर नव्हता, तो वस्तुस्थितीस सोडून होता.

'बर्फ नाहीं' म्हणणारांचे मुद्दे एकंदर तीन आहेत. पहिला, हे खेळ निसर्गानेंच थंड देशांस वांटून दिले आहेत. दुसरा, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. तिसरा, ज्या देशांत पिण्याच्या पाण्याची वाण आहे त्यानें पाणी गोठवून त्यावर नाचणें हें पाप आहे. तिन्हींचा क्रमानें विचार करूं.

पहिला मुद्दा आरंभापुरता खरा आहे. स्कीवरून चालणें ही नॉर्वे-स्वीडनमधील शेतकऱ्याची गरज होती, आणि गोठलेल्या कालव्यांवरून घसरत जाणें ही हॉलंडांतील खेडुताची वाट होती. परंतु आंतरराष्ट्रीय सामना ही वस्तु निसर्गानें निर्माण केलेली नाहीं. ती मंडळांनीं, नियमांनीं आणि यंत्रांनीं निर्माण केली आहे. १८७६ सालीं लंडनच्या चेल्सी भागांत जॉन गॅम्जी या गृहस्थानें यंत्रानें गोठविलेलें क्रीडांगण उघडलें. त्याची मूळ खटपट दूरच्या वसाहतींतून मांस गोठवून आणण्याची. तिच्यांतून ही घसरण्याची जागा निघाली. पुढें १९०८ सालीं लंडनलाच ऑलिंपिक सामने झाले, तेव्हां त्यांत बर्फावरील कलात्मक स्केटिंगचा अंतर्भाव झाला, आणि तें अशाच यंत्रनिर्मित बर्फावर ऑक्टोबर महिन्यांत पार पडलें. म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासांत बर्फ प्रथम आला तो आकाशांतून नव्हे, नळांतून आला. ही एकच गोष्ट लक्षांत ठेवली तरी निम्मा वाद मिटावा.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. ज्यांच्या दारांत हिम पडतें त्यांनींच हिवाळी ऑलिंपिकला प्रारंभीं विरोध केला! स्वीडनमध्यें व्हिक्टर बाल्क यांच्या पुढाकारानें १९०१ सालापासून 'नॉर्डिक सामने' भरत असत, आणि बर्फावरचे खेळ हे उत्तरेकडील राष्ट्रांचें वतन आहे, त्यांत इतरांनीं हात घालूं नये, अशी तेथील धुरीणांची भावना होती. ती बाजूस सारून १९२४ च्या २५ जानेवारीस फ्रान्समधील शामोनी या डोंगरी गांवीं सोळा राष्ट्रांचे खेळाडू जमले. त्या मेळाव्याचें नांव सुद्धां त्या वेळीं ऑलिंपिक नव्हतें. तो 'आंतरराष्ट्रीय हिवाळी क्रीडासप्ताह' होता. पहिलें हिवाळी ऑलिंपिक म्हणून त्याचें बारसें सामने उरकल्यानंतर कागदोपत्रीं झालें. आतां आमचा प्रश्न असा: जी गोष्ट ठरावानें जन्मास आली, जिला नांव मागाहून मिळालें आणि जिला हिमाच्या मूळ धन्यांचा विरोध होता, ती निसर्गाची वांटणी कशी?

आणि निसर्गानें तरी या सामन्यांची पाठराखण केली काय? दुसरेच सामने, १९२८ सालचे, स्वित्झर्लंडमध्यें सेंट मॉरिट्झ येथें झाले. तेथें ऊन वाऱ्यानें बर्फ वितळला आणि दहा हजार मीटरची स्केटिंगची शर्यत रद्द करावी लागली. १९६४ सालीं ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथें तर हिम पडेना. तेव्हां ऑस्ट्रियाच्या सैन्यानें डोंगराच्या वरच्या भागांतून वीस हजार बर्फाच्या लाद्या आणि चाळीस हजार घनमीटर हिम वाहून आणलें, आणि सैनिकांनीं तें उतारावर पायांनीं तुडवून बसविलें. १९८० सालीं अमेरिकेंतील लेक प्लॅसिड येथें या सामन्यांत यंत्रानें केलेलें हिम प्रथम वापरलें गेलें. २०२२ सालीं बीजिंगजवळच्या रुक्ष डोंगरांवर स्कीचे सामने झाले ते जवळजवळ सर्वस्वीं कृत्रिम हिमावर. म्हणजे चाळीस वर्षांत जो अपवाद होता तो नियम झाला. वाचकांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, भारतानें हिवाळी ऑलिंपिकमध्यें प्रथम पाऊल ठेवलें तें इन्सब्रुकच्या त्याच १९६४ सालच्या, हिम न पडलेल्या सामन्यांत. पोलंडमध्यें जन्मलेले आणि भारतांत वाढलेले जेरेमी बुजाकोव्स्की हे आपले पहिले प्रतिनिधि. ज्या वर्षीं यजमानाच्याच अंगणांत बर्फ नव्हता, त्या वर्षीं आम्ही तेथें गेलों. आणि तरीहि साठ वर्षें आम्ही बर्फाचेंच निमित्त सांगत आलों आहोंत.

कोणी म्हणेल, यंत्र असलें तरी डोंगर आणि थंडी लागतेच. त्यास आम्ही हॉलंडचें उदाहरण देतों. हा देश तळहातासारखा सपाट. त्याचा कांहीं भाग तर समुद्रपातळीच्याहि खालीं. तेथील अकरा शहरांना जोडणारी गोठलेल्या कालव्यांवरची प्रसिद्ध शर्यत १९९७ च्या जानेवारीनंतर झालेलीच नाहीं. कारण पुरेसा जाड बर्फ पुन्हां धरलाच नाहीं. अर्थात् हॉलंडचा नैसर्गिक बर्फ आमच्या डोळ्यांदेखत संपत आला. तरी २०१४ सालच्या सोची येथील सामन्यांत लांब धांवपट्टीवरील स्केटिंगच्या शर्यतींत छत्तीस पदकांपैकीं तेवीस पदकें एकट्या हॉलंडनें नेलीं. हें कसें झालें? १९६१ सालीं अ‍ॅमस्टरडॅमला त्यांनीं कृत्रिम बर्फाची धांवपट्टी बांधली, पुढें हेरेनवेन येथें बांधली, ती छपराखालीं घेतली, आणि मुख्य म्हणजे त्या पट्ट्या बंद पडूं दिल्या नाहींत. फिलिपीन्स तर उष्ण कटिबंधांतला, आमच्याहून उकाड्याचा देश. तेथला मायकेल मार्टिनेझ हा मुलगा मनिलाच्या बाजारसंकुलांतील बर्फांगणावर शिकून २०१४ सालीं सोचीस पोहोंचला. उलट आमच्या उत्तरेस जगांतला सर्वांत उंच हिमालय आडवा पसरला आहे, आणि आजवर हिवाळी ऑलिंपिकचें एकहि पदक या देशास मिळालेलें नाहीं. तेव्हां हिशेब सरळ आहे. बर्फ असून पदक नाहीं, तो देश आमचा. बर्फ नसून पदकें आहेत, तो देश हॉलंड. मग कारण बर्फ हें कसें असेल?

आतां दुसरा मुद्दा. हे श्रीमंतांचे खेळ आहेत, या म्हणण्यांत सत्याचा अंश मोठा आहे आणि तो आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. या सामन्यांचा इतिहास म्हणजे कांहीं अंशीं दार लावून घेण्याचाच इतिहास आहे. १९०२ सालीं कलात्मक स्केटिंगच्या जागतिक सामन्यांत मॅज सायर्स ही इंग्लिश बाई उतरली. स्त्रियांस मनाई करणारा नियम नव्हता, कारण कोणी बाई येईल असें नियम करणारांच्या स्वप्नांतहि आलें नव्हतें. ती पुरुषांत दुसरी आली. त्याचें फळ काय? तर स्त्रियांस मनाई करणारा नियम झाला, आणि त्यांच्यासाठीं वेगळे सामने सुरू होण्यास १९०६ साल उजाडावें लागलें. स्कीवरून उडी मारण्याच्या स्पर्धेंत तर ऑलिंपिकनें स्त्रियांस २०१४ सालीं प्रथम घेतलें! तीच गोष्ट गरिबांची. १९३६ सालीं जर्मनींतील सामन्यांत स्कीचे शिक्षक हे 'धंदेवाईक' ठरवून वगळण्यांत आले, आणि त्याच्या निषेधार्थ ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंडचे स्कीपटु दूर राहिले. १९७२ सालीं जपानांतील सप्पोरो येथें कार्ल श्रान्झ या ऑस्ट्रियन खेळाडूस, त्यानें खेळावर पैसे मिळविले या कारणास्तव, सामन्यांच्या तोंडावर परत पाठविलें गेलें. व्हिएन्नांत लोकांनीं त्याचें स्वागत एखाद्या विजयी वीरासारखें केलें. ज्याच्या घरीं वडिलोपार्जित पैसा आहे त्याचें खेळणें शुद्ध, आणि ज्यास खेळून पोट भरावें लागतें त्याचें अशुद्ध, हा सोंवळ्याओंवळ्याचा न्याय आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. तो आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

परंतु यावरून निष्कर्ष कोणता काढावयाचा? दार लावलेलें आहे म्हणून आपण अंगणांतूनच परत फिरावें, हा कीं दार ठोठवावें, हा? सायर्सबाईनें ठोठावलें, श्रान्झच्या देशबांधवांनीं ठोठावलें, आणि आज तें सोंवळें राहिलेलें नाहीं. 'हे श्रीमंतांचे खेळ आहेत' असें म्हणून जे स्वस्थ बसतात, ते गरिबाची बाजू घेत नसून श्रीमंताचें काम फुकट करीत असतात. त्या मुलीच्या निबंधावर आम्हीं केलेली सही हें तसलेंच फुकटचें काम होतें. दाराशीं पहारेकरी दूर युरोपांत बसलेला नव्हता. तो आमच्याच तालुक्यांत, हातांत तांबडी लेखणी घेऊन बसला होता.

तिसरा मुद्दा पाण्याचा. हा मात्र आम्हांस सर्वांत जड वाटतो, आणि त्याची चेष्टा करण्याचा आमचा विचार नाहीं. ज्या सातपुड्यांत उन्हाळ्यांत बायका डोक्यावर हंडे घेऊन डोंगर उतरतात आणि चढतात, त्या सातपुड्याच्या पायथ्याशीं बसून डोंगरच्या डोंगर कृत्रिम हिमानें माखण्याची वकिली आम्ही करणार नाहीं. बीजिंगनें केलें तें आम्हांस अनुकरणीय वाटत नाहीं. ज्या खेळासाठीं कोरड्या मुलखाचें पाणी उपसून डोंगर पांढरा करावा लागतो, त्या खेळानेंच आपल्या जागेचा फेरविचार करावा. अमेरिकेंतील कोलोरॅडोच्या मतदारांनीं १९७२ सालीं मतपेटीनें असाच विचार केला: डेन्व्हर शहरास मिळालेल्या १९७६ च्या हिवाळी सामन्यांवर सार्वजनिक पैसा खर्च करण्यास त्यांनीं नकार दिला, आणि ते सामने पुन्हां इन्सब्रुकला न्यावे लागले. त्या मतदारांस आम्ही अरसिक म्हणत नाहीं.

पण डोंगर वेगळा आणि अंगण वेगळें. साठ मीटर लांब व तीस मीटर रुंद असें बर्फाचें क्रीडांगण घ्या. त्यावर बर्फाचा थर साधारण तीन सेंटिमीटर जाडीचा असतो. गुणाकार केला तर पाणी होतें चोपन्न घनमीटर, म्हणजे चोपन्न हजार लिटर. दहा हजार लिटरचे साडेपांच टँकर सुद्धां नव्हेत. आतां पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असा पोहण्याचा तलाव घ्या. त्यांत पंचवीस लाख लिटर पाणी मावतें. अशा अंगणाच्या सेहेचाळीसपट. आमच्या शहरांतून असे तलाव बांधले जातात, त्यांच्या उद्‍घाटनास पुढारी येतात, आणि त्या वेळीं सातपुड्यांतल्या हंड्याची आठवण कोणास होत नाहीं. ती फक्त बर्फाचें नांव निघालें कीं होते. विजेचा खर्च मोठा आहे, हें खरें. तो आम्ही लपवीत नाहीं. पण मग 'पाणी नाहीं' असें न म्हणतां 'वीजबिल कोण भरणार?' असें विचारावें. निदान प्रश्न तरी खरा विचारला जाईल.

आणि हाच प्रश्न आम्हांस मुळाशीं नेतो. २०११ च्या जानेवारींत दक्षिण आशियाई हिवाळी सामने आपल्या देशांत, देहरादून व औली येथें झाले. त्यांसाठीं देहरादूनला छपराखालीं बर्फांगण बांधलें गेलें. सामने संपले, झेंडे उतरले, आणि तें अंगण चालविण्याचा खर्च पेलेना म्हणून कित्येक वर्षें बंद पडून राहिलें. २०२५ सालीं तें पुन्हां सुरू होऊन तेथें आशियाई शर्यती झाल्या, हा आनंद आहेच. पण मधल्या काळांत ज्या मुलांचें शिकण्याचें वय निघून गेलें त्यांस तें वय कोण परत देणार? अ‍ॅमस्टरडॅमची पट्टी आणि देहरादूनचें अंगण यांतला फरक हवामानाचा नव्हे. एक रोजच्या वापरासाठीं बांधलें होतें, दुसरें समारंभासाठीं.

शिव केशवन् यांची हकीकत याच जातीची आहे. मनालीकडे वाढलेला हा मुलगा १९९८ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, जपानांतील नागानो येथें ल्यूज नांवाच्या घसरगाडीच्या शर्यतींत उतरला. त्यानंतर २०१८ पर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिंपिकमध्यें त्यानें देशाचें नांव लाविलें. देशांत त्या गाडीसाठीं मार्गच नव्हता. म्हणून गाडीस चाकें लावून हिमालयांतल्या डांबरी रस्त्यांवर, मोटारी व गुरें चुकवीत, तो सराव करी. आणि २०१४ सालीं सोचीस गेला, तेव्हां त्यास स्वतःच्या देशाचा झेंडा हातीं घेऊन मिरवतां आलें नाहीं. कारण आमच्या ऑलिंपिक मंडळाच्या निवडणुकींतील गोंधळामुळें आंतरराष्ट्रीय समितीनें तें मंडळ निलंबित केलें होतें. सामने चालू असतां ११ फेब्रुवारीस निलंबन उठलें, पण तोंवर त्याची मुख्य शर्यत होऊन गेली होती. बर्फ तेथें होता, खेळाडू तेथें होता. नव्हती ती एक धड चाललेली संस्था. यावरहि कोणास 'बर्फ नाहीं' म्हणावयाचें असेल, तर त्यापुढें आमचा इलाज नाहीं.

संस्था काय करूं शकते, हें मराठी माणसास परक्या उदाहरणांवरून शिकण्याचें कारण नाहीं. १९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें ऑलिंपिक झालें. त्याच ऑलिंपिकांत, एप्रिल महिन्यांत, बर्फावरील हॉकी प्रथम खेळली गेली. आणि त्याच ऑलिंपिकांत, ऑगस्ट महिन्यांत, भारताचा पहिला संघ उतरला. तो संघ कोठून निघाला? पुण्याच्या डेक्कन जिमखान्यांतून. १९०६ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेच्या शर्यतींत अनवाणी धांवणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटांनीं ऑलिंपिकची कल्पना मनावर घेतली. बेळगांवकडील फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें एकोणिसावे आले. कुस्तींत रणधीर शिंदे चौथ्या स्थानापर्यंत गेले. ज्या लोकांनीं ऑलिंपिकची धांवपट्टी जन्मांत पाहिली नव्हती, त्यांच्याविषयीं त्या वेळीं कोणी 'विषय अनुभवाबाहेरचा' असा शेरा मारला असता, तर इतिहास कसा झाला असता?

खाशाबा जाधवांचें उदाहरण तर याहून जवळचें. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल तांबड्या मातींत वाढला. १९४८ सालीं लंडनला गेला, तेव्हां गादीवरची कुस्ती त्यास नवीन होती. तरी तो सहावा आला. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं पैसा नव्हता. तेव्हां लोकांनीं वर्गणी केली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीवरून गादीवर जाणें आणि चाकांच्या स्केटवरून बर्फाच्या स्केटवर जाणें, यांत तत्त्वतः काय अंतर आहे? पुण्यामुंबईची मुलें आज हेंच करीत आहेत: सिमेंटवर चाकांनीं शिकतात, बर्फासाठीं उत्तरेस जातात, आणि २०२० सालापासून भरणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी सामन्यांत लेहच्या बर्फावर महाराष्ट्रासाठीं पदकें मिळवितात. पण हीं मुलें शहरांतलीं आहेत, आणि बहुधा अशा घरांतलीं आहेत, जीं प्रवासाचा खर्च सोसूं शकतात. सातपुड्यांतल्या पाड्याचें काय?

पाड्यांत पाय आहेत, याविषयीं तरी वाद नसावा. नाशिक जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीं २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल सामन्यांत दहा हजार मीटर धांवून कांस्यपदक मिळविलें. स्कीवरून रानावनांतून लांब पल्ला धांवण्याचा जो खेळ आहे, त्यास हेच पाय आणि हीच छाती लागते. आणि युरोपांतले खेळाडू सुद्धां उन्हाळ्यांत पट्ट्यांस चाकें लावून डांबरी रस्त्यांवरच त्याचा सराव करतात. त्यासाठीं ना बर्फ लागतो, ना पाण्याचा टँकर, ना विजेचें बिल. लागतो एक घाटाचा रस्ता, चाकांच्या पट्ट्यांच्या चार जोड्या, आणि एक शिक्षक, जो वर्षानुवर्षें तेथेंच राहील. यांपैकीं पहिली वस्तु आमच्या डोंगरांत आहे. दुसरी विकत मिळते. तिसरी मिळत नाहीं, कारण ती मागावी असें आम्हांस कधीं वाटलेंच नाहीं.

आमचें मागणें फार नाहीं. पदकाची भाषा आम्ही बोलत नाहीं. २०२२ सालीं बीजिंगला सबंध भारतातर्फे एकटे आरिफ खान गेले होते, आणि जायंट स्लालमच्या शर्यतींत पंचेचाळिसावे आले. अशा स्थितींत पदकाच्या गप्पा मारणें म्हणजे पाया खणण्यापूर्वी कळसाचा मुहूर्त काढणें होय. आम्ही इतकेंच म्हणतों कीं, जें अंगण एकदां बांधलें तें बंद पडूं देऊं नये. नवें बांधण्यापूर्वी तें दहा वर्षें कोण चालविणार हें आधीं लिहून घ्यावें. आणि आश्रमशाळांतील धांवणाऱ्या मुलामुलींतून दरसाल पांच-दहा निवडून त्यांस हिमाचल किंवा काश्मीर येथें एक हिवाळा पाठविण्याची सोय करावी. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण शाळांच्या मंडळांवर आहेत, पुष्कळ जण परीक्षक आहेत, आणि सर्व जण जेवणानंतर निकाल देणारे आहेत. त्यांनीं निदान तो निकाल थोडा तहकूब ठेवावा.

त्या मुलीच्या प्रश्नास उत्तर देणें राहिलेंच. तिचा पाडा जगांत येतो कीं नाहीं? शामोनीस सोळा राष्ट्रें जमलीं आणि त्यांनीं स्वतःस जग म्हणवून घेतलें. ज्यांनीं आपलें नांव नोंदविलें तें जग झालें. ज्यांनीं 'आमच्याकडे बर्फ नाहीं' म्हटलें तें बाहेर राहिलें. तेव्हां उत्तर शामोनींत, सोचींत किंवा बीजिंगांत मिळावयाचें नाहीं. तें शहाद्यांत द्यावयाचें आहे, आणि तिच्या निबंधावर जो शेरा पडला आहे तो खोडण्यापासून त्यास आरंभ होतो. आमची सही आम्हीं शाळेस पत्र लिहून मागें घेतली आहे. उरलेल्या दोन सह्यांची वाट पाहत आहोंत.